बंद गाडीचा उतार

पवनानगर ते कामशेत ही लाइन कोंडाजी घाऱ्यानं एकतीस वर्षं मारली, आणि एकतीस वर्षांत त्याच्या जीपनं खिंडीच्या उतारावर डिझेलचा थेंब प्यायला नाही. माथ्यावर गाडी आली की गिअर न्यूट्रल, चावी बंद, आणि पुढचा दीड किलोमीटर फुकटात. खाली ओढ्यावरच्या मोरीपाशी चावी फिरवून दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की इंजिन पुन्हा धरायचं. मागं बसलेल्या शिटांना, म्हणजे पॅसेंजरांना, एवढंच कळायचं, की गाडी एकाएकी मुकी झाली आणि वाऱ्याचा आवाज यायला लागला. बाया पदर सावरून घ्यायच्या आणि म्हणायच्या, कोंडाजीची खिंड आली.

डिझेल वाचवणं हा त्याचा धंदा नव्हता, ते त्याचं दैवत होतं, आणि त्या दैवताचे नेमही ऋतूप्रमाणे ठरलेले होते. उन्हाळ्यात टाकी भरायची ती पहाटेच, कारण गार डिझेल दाट असतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यानं ते गाठीला बांधून ठेवलं होतं. पावसाळ्यात टपावरची ताडपत्री करकचून आवळायची, कारण सैल ताडपत्री वारा धरते आणि गाडीला मागं ओढते. थंडीत इंजिन तापवत उभं राहणाऱ्याला तो आळशी म्हणायचा. चालू करा आणि हळूहळू काढा, गाडी चालता चालता तापते. बारा महिने चाकात हवा चोख, नजर लांब आणि पाय ब्रेकवर कमी. यातलं बरंचसं खरं होतं, हे कबूल केलं पाहिजे. माणूस अडाणी नव्हता. फक्त आपलं काही चुकलं असेल, हे त्याच्या डोक्यात जन्मात कधी शिरलं नव्हतं.

आणि हात. कोंडाजीचा हात फार हलका होता, म्हणजे उठायला हलका. बसायला तो चांगलाच जड होता. शिटं भरेपर्यंत स्टँडवर कुणी इंजिन घरघरत ठेवलं, की हा खिडकीतून हात घालून आधी चावी फिरवायचा आणि मग डायव्हरच्या कानाखाली आवाज काढायचा. पप्पू नावाच्या डायव्हरनं असा दोनदा मार खाल्ला. पुढं त्याच्या गाडीचा ॲव्हरेज वाढला, तेव्हा तोच पप्पू चहाच्या टपरीवर सांगत सुटला, की कोंडाजीआबांचा हात लागला म्हणून मी शिकलो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तशी कोंडाजीनं गाडी सोडली, पण स्टँड काही सोडला नाही. कामशेतच्या स्टँडवर प्लास्टिकचा कॅरेट पालथा घालून तो दिवसभर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. दसऱ्याला डायव्हर लोक गाडीची पूजा झाली की आधी त्याच्या पाया पडायचे.

परक्यांना जर हा प्रसाद, तर घरच्याला काय मिळालं असेल? आदिनाथ त्याचा एकुलता एक. त्याला शिकवायला कोंडाजी सीटखाली जुना फॅनबेल्ट ठेवायचा. गिअर उशिरा टाकला, पाठीत एक. उगाच रेस केली, मांडीवर एक. खिंडीच्या माथ्यावर चावी फिरवायला विसरला तर तीन, आणि तेही गाडी चालू असताना, शिटांच्या देखत. शिटं बाहेर डोंगर बघायची. कुणी म्हातारा म्हणायचा, शिकायचं तर मार लागणारच. आदिनाथचं लग्न झालं तरी बेल्ट सुटला नाही. एकदा पंक्चर काढायला वेळ लागला म्हणून कोंडाजीनं त्याला नव्या नवरीसमोर, स्नेहलसमोर, अंगणात झोडपला. आता आदिनाथ चौतीस वर्षांचा होता, त्याची मुलगी पहिलीत होती, आणि बापाची चाहूल लागली की तो अजून उभा राहायचा. कोंडाजीला वाटायचं, हा मान आहे.

मग जुनी जीप मोडीत गेली आणि आदिनाथनं कर्ज काढून नवी दहा शिटांची गाडी आणली. गाडी देताना मेकॅनिकनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हिचा ब्रेक हलका लागतो तो इंजिनच्या जोरावर. इंजिन बंद केलंस तर दोन-तीनदा लागेल, मग पायाखाली दगड होईल आणि स्टिअरिंगही जड होईल. उतारावर बंद करत जाऊ नकोस. आदिनाथनं हे घरी बापाला एकदा सांगून बघितलं. कोंडाजी म्हणाला की गाडीवाले आणि पंपवाले एका ताटात जेवतात, म्हणून असलं शिकवतात. त्याच्या जुन्या जीपला ब्रेक नव्हते की काय? ब्रेक होते. पण ते नुसत्या पायाच्या जोराचे होते, इंजिन चालू असो की बंद. एवढाच फरक होता, आणि तो समजून घ्यायची त्याला गरज वाटली नाही.

आदिनाथ उलटून बोलला नाही. पण खिंडीत त्यानं चावीला हात लावणं सोडलं. दुसरा गिअर टाकून, इंजिन गुरगुरवत तो उतार उतरायचा. ही बातमी स्टँडवर यायला किती वेळ लागणार? पप्पूसारख्यांनीही नव्याच गाड्या घेतल्या होत्या, आणि ते आबांच्या शिकवणीप्रमाणे अजून बंद गाडीनंच उतरत होते. त्यांचं निभावत होतं, कारण उतारावर त्यांना कधी काही आडवं आलं नव्हतं. पप्पूनं एक दिवस हसत हसत विचारलं, की आबा, साऱ्या लाइनला तुम्ही शिकवलंत आणि घरचंच पोर कसं राहिलं? बाकीचे हसले. कोंडाजी हसला नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती तीन दिवस तिथंच राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी, भाद्रपदातली भुरभूर चालू असताना, तो पवनानगरला आदिनाथच्या गाडीत पुढच्या सीटवर चढून बसला. कुठं निघालात, हे विचारायची आदिनाथची छाती झाली नाही. मागं आठ शिटं होती. त्यात डोंगरावरच्या वाडीतली हिरी होती, मांडीवर काकड्यांची पाटी घेऊन. तिला कामशेतचा बाजार गाठायचा होता. दाराजवळची जागा तिनं मागून घेतली, कारण आतल्या कोंदट हवेत तिला मळमळायचं.

माथा आला. आदिनाथनं दुसरा गिअर टाकला. कोंडाजी म्हणाला, बंद कर. आदिनाथ समोर बघत राहिला. कोंडाजीनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. त्यानं गिअरच्या दांड्याला ठोसा मारून तो न्यूट्रलला पाडला, आडवा होऊन स्टिअरिंगखालून हात घातला, चावी फिरवली आणि तिच्यावर मूठ आवळून धरली. गाडी मुकी झाली. वाऱ्याचा आवाज आला, आणि कोंडाजीला जे सुख झालं ते त्याला मोतीबिंदूनंतर पहिल्यांदाच झालं होतं.

पहिल्या वळणावर आदिनाथनं ब्रेक दाबला, तो लागला. दुसऱ्या वळणावर लागला. तिसऱ्या वळणापलीकडं रस्त्यात म्हशी होत्या, सात-आठ, ओल्या अंगानं सावकाश चाललेल्या. आदिनाथनं ब्रेकवर पाय दिला आणि पाय तिथंच थांबला.

"ब्रेक लागंना," तो म्हणाला. "आबा, हात काढा. चावी द्या."

कोंडाजीला वाटलं, पोरगं सोंग करतंय. आपलं खरं करायला गाडी मुद्दाम सोडतंय. त्यानं मूठ आणखी आवळली. आदिनाथ सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, एका हातानं त्यानं बापाचं मनगट धरून ओढलं. लेकानं अंगाला हात लावला, हे एवढंच कोंडाजीला दिसलं. मागं हिरी ओरडली. त्याच क्षणी कोंडाजीनं मोकळ्या हातानं, सगळा जोर लावून, आदिनाथच्या थोबाडीत मारली.

तेवढ्या वेळात गाडी म्हशींच्या डावीकडून घसरत गेली, मोरीच्या कठड्यावर आपटली आणि उलटली. टप चेपला, काचा फुटल्या, दार उपटून ओढ्यात पडलं. कोंडाजीच्या बरगड्या वाजलेल्या त्यालाच ऐकू आल्या. एका शिटाचा हात कोपरापासून उलटा झाला होता, एका पोरीचं कपाळ फाटलं होतं. हिरी दारातून बाहेर फेकली गेली होती आणि गाडी तिच्या कमरेवर पडली होती. लोकांनी गाडी उचलली तेव्हा ती शुद्धीत होती आणि काकड्या गोळा करायला सांगत होती. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली.

वडगावच्या पोलिसांनी विचारलं तेव्हा आदिनाथनं सांगितलं, की उतारावर डिझेल वाचवायला मीच गाडी बंद केली, आणि मला सावरता आली नाही. शिटांनी मागून बापलेकांची बोलाचाली ऐकली होती, पण ती काय रोजचीच. ती पोलिसांना काय सांगायची, असं ज्याला त्याला वाटलं, आणि कुणीच काही सांगितलं नाही. आदिनाथवर गुन्हा दाखल झाला. आठ दिवसांनी तो जामिनावर सुटला, पण लायसन गेलं आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली.

कोंडाजीला हे खाटेवर पडल्या पडल्या कळलं. त्यानं डोळे मिटले. त्याला लाज वाटली का? थोडी वाटली, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त त्याचा ऊर भरून आला. पोरानं बापाचं नाव राखलं. इतकी वर्षं ज्याला हाणून हाणून घडवलं, तो ऐन वेळी बापासाठी उभा राहिला, असं त्यानं मनाशी धरलं आणि तो त्या उबेत पडून राहिला. घरी स्नेहल त्याच्यासमोर ताट आपटून जायची. का, हे त्यानं कधी विचारलं नाही.

स्टँडवर उलटंच झालं. लोक म्हणाले, आबांची एकतीस वर्षांत एकदाही गाडी सरकली नाही. पोराला जमलं नाही, त्याला आबा काय करणार? बंद गाडीनं उतरायचं कुणीही थांबवलं नाही. बरगड्या जुळल्या तसा कोंडाजी परत कॅरेटवर येऊन बसला, आणि हे ऐकून गप्प राहिला. आदिनाथही आता स्टँडवरच असायचा. दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी 'पवनानगर, पवनानगर' ओरडून तो शिटं भरायचा. बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या.

मार्गशीर्षात एका दुपारी हिरीचा नवरा सावळा डोंगरावरून चालत स्टँडवर आला. किडकिडीत माणूस, लाकडं फोडून पिळदार झालेला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. आदिनाथ पप्पूच्या गाडीजवळ ओरडत उभा होता, तिथं गेला आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दुसऱ्या बुक्कीला आदिनाथचं नाक फुटलं. तिसरीला तो गुडघ्यावर आला. मग सावळ्यानं चाकामागं लावलेला लाकडी ठोकळा ओढून काढला आणि तो आदिनाथच्या खांद्यात घातला. पाठीत घातला. डायव्हर लोक कडं करून उभे राहिले. मधे कुणी पडलं नाही. ज्याची बायको गेली त्याचा हात कसा धरायचा, हा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं बघायचंही होतं.

कोंडाजी कॅरेटवर बसून बघत होता. पहिल्या फटक्याला त्याला वाटलं, एक-दोन खाणं भागच आहे. चौथ्या-पाचव्याला त्याच्या ध्यानात आलं, की आदिनाथ हात उगारत नाही, पळत नाही, आई गंऽ म्हणत नाही. हनुवटी छातीशी, खांदे वर, पाठ पुढं केलेली. मार कसा खायचा हे त्या पोराला उत्तम येत होतं. ठोकळ्यावर रक्त लागलेलं कोंडाजीला अधू डोळ्यांनीही दिसलं, आणि आपण उठलो कधी हे त्याला समजलं नाही.

"चावी म्या फिरवली," तो म्हणाला. "त्यानं न्हाई."

सावळ्यानं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. पप्पूनं कोंडाजीचा दंड धरला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की आबा, बापाचं काळीज आहे, आम्हाला कळतं, पण तुम्ही गाडी पाडली असं शेंबडं पोरसुद्धा मानायचं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. जन्मभर कमावलेलं नाव असं आडवं आलं. खरं सांगायला निघालेला माणूस त्या नावापुढं खोटा ठरत होता.

मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. कबुली द्यायची तीही गचांडी धरूनच. त्यानं मागून सावळ्याची मान पकडली, त्याला फरफटत पप्पूच्या गाडीशी नेलं आणि डायव्हरच्या सीटवर कोंबला. सावळ्यानं ठोकळा फिरवला, तो कोंडाजीच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. कोंडाजीनं मान सोडली नाही. उघड्या दारातून हात घालून त्यानं गाडी चालू केली, आणि सावळ्याचा पाय धरून ब्रेकवर ठेवला.

"दाब," तो म्हणाला.

पाय मऊपणे खाली गेला. कोंडाजीनं चावी बंद केली.

"आता दाब. आजून. आजून."

एकदा गेला. दुसऱ्यांदा अर्धा गेला. तिसऱ्यांदा सावळ्याचा पाय थांबला. त्यानं जोर लावला, मांडी थरथरली, पायाखालचं लोखंड हललं नाही. ठोकळा त्याच्या हातातून खाली पडला.

"दगूड झाला," सावळा म्हणाला.

"आसाच झाल्ता. त्यो सांगत व्हता मला, हात काढा म्हून. म्या चावी धरून ठिवली."

पप्पू आपल्याच गाडीच्या ब्रेककडं बघत होता. सावळा मात्र समोरच्या काचेतून कुठंतरी लांब बघत बसला, आणि पाय अजून त्या दगडावरच होता.

"हिरी वरडली आसंल," तो म्हणाला.

"वरडली."

"मंग तू काय केलंस?"

इथं कोंडाजीला खोटं बोलता आलं असतं. खरं काय ते सांगणारा तिथं आदिनाथशिवाय कुणी नव्हता. "म्या पोराच्या थोबाडीत मारली," तो म्हणाला. "मला वाटलं, सोंग करतोय."

हे सांगून तो दाराशी उभा राहिला, रक्तानं भरलेलं तोंड पुढं करून. आता मार बसेल, याची तो वाट बघत होता. वाट कसली, त्याला तो हवा होता. त्याच्या हिशेबी मार खाल्ला की गोष्ट मिटते. जन्मभर त्यानं लोकांच्या गोष्टी अशाच मिटवल्या होत्या. पण सावळा खाली उतरला आणि त्याला हातही न लावता त्याच्या बाजूनं निघून गेला. आदिनाथ अजून जमिनीवर होता, एका हातावर भार देऊन. सावळा त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मंग माजा मार का खाल्लास?" त्यानं विचारलं. "पोलिसाला तरी सांगायचं व्हतंस."

कोंडाजी पुढं झाला. या प्रश्नाचं उत्तर तो गेले तीन महिने उराशी धरून बसला होता. पोरानं बापाचं नाव राखलं. ते आता साऱ्या स्टँडसमोर पोराच्या तोंडून निघणार होतं, आणि एवढं सगळं होऊनही, रक्तानं आंधळा झालेला तो म्हातारा ते ऐकायला आसुसला होता.

आदिनाथ रक्त थुंकला. तो बापाकडं बघत नव्हता.

"तुमी एकदा मारून निघून जानार," तो सावळ्याला म्हणाला. "मला रोज घरी जायचंय."

पप्पूनं मान खाली घातली. सावळ्यानं उठून कोंडाजीकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच कोंडाजीला सोसेना. पोरीचा बाप असलेला, चौतीस वर्षांचा लेक धुळीत बसला होता. काहीतरी करायला हवं, एवढंच कोंडाजीला उमगलं. तो वाकला आणि लेकाला उठवायला त्यानं हात पुढं केला.

आदिनाथनं डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.